गतिकी संच : गाडी उत्तम, तानकाटे सुमार

मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला, म्हणजे शामलदास गांधी मार्गावर, प्रयोगशाळेचं सामान घ्यायला गेलं की लांबट पुठ्ठ्याच्या खोक्यात ‘गतिकी संच’ पुढे केला जातो. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नसतं, दर घासाघीस करून खाली येतो. राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात पहिलाच धडा गतीच्या नियमांचा आहे आणि डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही प्रात्यक्षिकाची फेरी असते, त्यामुळे शाळा आणि क्लासवाले दोघेही हा संच नेतात. बरेच संच वर्षभरात कपाटावर जाऊन पडतात, कारण ‘उत्तर बरोबर येत नाही’. उत्तर येतं. संचातल्या चार गोष्टी नीट केल्या तर दोन-तीन टक्क्यांच्या आत येतं. त्या चार गोष्टी सोबतच्या पुस्तिकेत नाहीत, ही या संचाची खरी उणीव आहे.

आत मिळतं ते असं : १२० सेंटिमीटर लांबीचा अॅल्युमिनियमचा रूळ, त्याला एका टोकाला दोन आणि दुसऱ्या टोकाला एक आटे असलेला पाय, दोन चारचाकी गाड्या, एकीत स्प्रिंगचा दट्ट्या, टेबलाच्या कडेला लावायची प्लास्टिकची कप्पी, १० ग्रॅमचा हँगर आणि १० ग्रॅमच्या नऊ खाचेच्या चकत्या, गाडीवर ठेवायच्या ५०० ग्रॅमच्या दोन लोखंडी पट्ट्या, ० ते ५ न्यूटनचे दोन तानकाटे (ओढ मोजणारे स्प्रिंगचे काटे), हुक असलेला लाकडी ठोकळा, टिकर टायमर (थरथरत्या पत्तीने सरकत्या फितीवर ठरावीक वेळाने ठिपके पाडणारं यंत्र), त्याचा ट्रान्सफॉर्मर, कार्बनच्या चकत्या आणि कागदी फीत, शिवाय एक स्टॉपवॉच. गाड्यांवर ५०० ग्रॅम छापलंय, पण स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एक ४९६ आणि दुसरी ५०९ भरली. हे चालण्यासारखं आहे, फक्त खरं वस्तुमान गाडीच्या पोटाला मार्करने लिहून ठेवावं आणि गणितात तेच घ्यावं. चकत्या मात्र चांगल्या आहेत, अर्ध्या ग्रॅमच्या आत बसतात.

रूळ हा संचातला सर्वांत मोलाचा भाग. लाकडी फळीवरचे जुने संच मुंबईच्या हवेत दोन पावसाळ्यांत वाकडे होत, याला ती भीती नाही. पण रूळ टेबलावर ठेवला, पाणसळ लावून सपाट केला आणि लगेच प्रयोग सुरू केला, की पहिला घोळ तिथेच होतो. सपाट रुळावर गाडीला धक्का दिला तर ती हळूहळू थांबते. न्यूटनचा पहिला नियम सांगतो की असंतुलित बल नसेल तर वेग बदलत नाही. इथे घर्षणाचं बल शिल्लक आहे, म्हणून वेग बदलतो. ते बल आधी फेडून टाकलं पाहिजे. त्यासाठी गाडी जिथून सुटते त्या टोकाचा पाय थोडा थोडा उचलायचा, इतका की हलका धक्का दिल्यावर गाडी ना मंदावेल ना वेग घेईल. उतारावर गाडीच्या वजनाचा जो अंश पुढे ओढतो, तो घर्षणाइतका झाला की काम झालं.

किती उचलायचं? पायांमधलं अंतर १०० सेंटिमीटर आहे. नव्या संचात एक टोक १० मिलिमीटर उचलावं लागलं, म्हणजे घर्षण गाडीच्या वजनाच्या शंभराव्या भागाइतकं. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण सगळं मिळून ५८० ग्रॅमची गाडी असेल तर हे घर्षण जवळपास ६ ग्रॅम टांगल्याच्या बलाइतकं होतं, आणि तुम्ही हँगरवर २० ग्रॅमच टांगले असतील तर त्यातला पाव हिश्श्याहून जास्त भाग घर्षणच खातं. मुलाने काढलेलं त्वरण इतकं कमी का आलं, याचं उत्तर शंभरात नव्वद वेळा इथेच सापडेल. हा उतार एकदा जमला की गाडीवर वजन वाढवलं तरी तोच चालतो, कारण घर्षण आणि उताराची ओढ दोन्ही वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतात. एक खबरदारी मात्र घ्या : उतार ठरवताना टिकर टायमरची फीत गाडीला जोडलेली हवी आणि टायमर चालू हवा. फीतही थोडी मागे खेचते. फितीशिवाय बसवलेला उतार फीत लावल्यावर कमी पडतो.

चाकांत ६२४ क्रमांकाची बेअरिंग आहेत : आतला व्यास ४ मिलिमीटर, बाहेरचा १३, जाडी ५. त्यांत घट्ट ग्रीस भरलेलं असतं. जोरात फिरणाऱ्या मोटरला ते ठीक, हलक्या गाडीला ते ओझंच. चाकं काढा, बेअरिंग रॉकेलमध्ये किंवा पेंटवाल्याकडच्या टर्पेंटाइनमध्ये रात्रभर बुडवा, सकाळी फिरवून निथळा, नवीन टर्पेंटाइन घेऊन पुन्हा एकदा तसंच करा, पूर्ण वाळू द्या आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा. खिडकी उघडी ठेवा, गॅसच्या शेगडीजवळ हा उद्योग नको. एवढ्यावर उचल १० मिलिमीटरवरून ५ वर आली. बेअरिंग बदलायचीच झाली तर नागदेवी स्ट्रीटला ती सुटी मिळतात. धातूच्या झाकणाची मागा. रबरी झाकण आतल्या कड्याला घासतं, त्याने फिरणं जड होतं. चाकाची चाकी (नट) फार आवळू नये, हेही इथेच सांगायला हवं : चाक दांड्यावर किंचित, जेमतेम जाणवेल इतकं डावं-उजवं हललं पाहिजे.

टिकर टायमरवर लोक जुनाट म्हणून नाक मुरडतात. शिकवण्यासाठी त्याहून प्रामाणिक यंत्र नाही, कारण वेळ आणि अंतर दोन्ही एकाच फितीवर डोळ्यांना दिसतात. वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणून पत्ती सेकंदाला ५० ठोके देते आणि दोन ठिपक्यांत ०.०२ सेकंद. आपल्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राखली जाते, म्हणजे इथली चूक ०.२ टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाही. शाळेच्या प्रयोगात इतकं अचूक घड्याळ आयतं मिळतंय. मात्र टायमर ट्रान्सफॉर्मरवर, एसीवर चालणारा हवा. बॅटरीवर चालणारे, घंटीसारखे टायमरही विकायला असतात. बॅटरी उतरली की त्यांचा ठोका बदलतो, ते घेऊ नका. पत्तीखाली कायमचा चुंबक आहे ना, हेही पाहा. तो नसेल तर प्रवाहाच्या दोन्ही अर्ध्या आवर्तनांत पत्ती ओढली जाते आणि ठिपके ५० ऐवजी १०० पडतात, त्वरण चौपटीने चुकतं. कार्बनची काळी बाजू फितीकडे. जोडठिपके पडत असतील तर पत्ती उसळतेय, तिचा स्क्रू जरा खाली घ्या. ठिपके पुसट झाले तर चकती थोडी फिरवा. संचात पाचच चकत्या आहेत, जास्तीच्या तिथेच मागून घ्याव्यात.

आता मुख्य प्रयोग, बल आणि त्वरण. पुस्तिका सांगते : हँगरवर वजन टांगा, ते वजन म्हणजे बल, भागिले गाडीचं वस्तुमान, झालं त्वरण. हे चूक आहे. टांगलेलं वजन स्वतःही त्वरणाने खाली येतं, त्याच्या त्वरणासाठीही बल लागतंच. बल mg (टांगलेलं वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण) असलं तरी हलणारं वस्तुमान गाडी आणि हँगर मिळून आहे. ५४० ग्रॅमच्या भरलेल्या गाडीला ६० ग्रॅम टांगले तर पुस्तिकेच्या हिशेबाने १.०९ यायला हवं, प्रत्यक्षात फितीवर ०.९८ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं. मुलगा म्हणतो संच खराब आहे. संच बरोबर आहे, हिशेबच अपुरा. दोऱ्यातलं तान पाहिलं तर हे आणखी स्पष्ट होतं : टांगलेल्या ६० ग्रॅमचं वजन ०.५९ न्यूटन, पण गाडी धावत असताना दोऱ्यात ०.५३ न्यूटनच असतं. गाडी हाताने धरून ठेवली तरच दोऱ्यात पूर्ण ०.५९ भरतं.

यावरचा सोपा उपाय जुना आहे आणि तोच करावा. एकूण हलणारं वस्तुमान सगळ्या प्रयोगभर तेच ठेवायचं. गाडीत ४ ग्रॅमची माती चिकटवून ती नेमकी ५०० ची करा, हँगर आणि नऊ चकत्या मिळून १००, एकूण ६००. हँगरवर जेवढ्या चकत्या नाहीत तेवढ्या सगळ्या गाडीवर. एक चकती गाडीवरून उचलून हँगरवर ठेवली की बल वाढतं, एकूण वस्तुमान बदलत नाही. मुंबईत गुरुत्वत्वरण जवळपास ९.७९ आहे (विषुववृत्ताच्या जवळ असल्याने ९.८१ पेक्षा थोडं कमी), त्या हिशेबाने हँगरसकट २० ग्रॅमला त्वरण ०.३३, ४० ला ०.६५, ६० ला ०.९८ यायला हवं. उतार नीट बसवला असेल तर येतंच. आलेख शून्यातून न जाता उजवीकडे सरकला तर उतार कमी आहे, डावीकडे सरकला तर जास्त. आलेखाचं हे सरकणं मुलांना दाखवण्यासारखं आहे, कारण त्यातून चूक किती न्यूटनची आहे तेही वाचता येतं.

फीत वाचायची कशी? दर पाच अंतरांनंतर कात्रीने कापा. प्रत्येक तुकडा ०.१ सेकंदाचा. तुकडे एकाशेजारी एक उभे चिकटवले की वेग-काळ आलेखच तयार होतो. ६० ग्रॅमला प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा ९.८ मिलिमीटर लांब निघतो, ४० ला ६.५, २० ला ३.३. पहिले दोन-तीन ठिपके गचडी झालेले असतात, ते सोडून द्या.

आणि या फितीत एक गोष्ट अशी आहे की तेवढ्यासाठी हा संच घ्यावा. साधं टेबल ७५ सेंटिमीटर उंच असतं, त्यामुळे हँगर साधारण ६० सेंटिमीटर उतरला की जमिनीला टेकतो. गाडी मात्र रुळावर अजून ३५ सेंटिमीटर जायची असते. बहुतेक शिक्षक हा भाग टाकून देतात. टाकू नका. ६० ग्रॅम टांगले असतील तर हँगर टेकेपर्यंत ठिपक्यांमधलं अंतर वाढत वाढत २१.७ मिलिमीटरपर्यंत जातं, आणि त्या क्षणापासून पुढची सोळा अंतरं सारखी पडतात : २१.७, २१.७, २१.६, २१.७. दोरा सैल पडला, बल संपलं, त्वरण संपलं, वेग तसाच राहिला. बल हवं ते वेग बदलायला, वेग टिकवायला नव्हे, ही गोष्ट फळ्यावर लिहून पटत नाही. पट्टी घेऊन स्वतः मोजलेल्या सोळा अंतरांनी पटते. लोकल एकसारख्या वेगात धावत असताना दांडी न धरताही उभं राहता येतं, झोक जातो तो सुटताना आणि ब्रेक लागताना, तेच इथे कागदावर उतरलेलं आहे. बेअरिंग न धुतलेल्या नव्या संचात रूळ सपाटच ठेवला असेल तर सोळापैकी शेवटचं अंतर पहिल्यापेक्षा सुमारे ०.६ मिलिमीटरने कमी भरतं. घर्षण किती, ते त्यातूनही काढता येतं. हँगर पडतो तिथे पायपुसणं ठेवा, नाहीतर फरशीचा टवका उडेल आणि खालच्या मजल्यावरचे वर येतील.

कप्पी प्लास्टिकची आहे म्हणून कमी लेखू नका. काही दुकानांत जास्तीचे पैसे घेऊन पितळेची चकचकीत कप्पी देतात. कप्पीही फिरवावी लागते, आणि भरीव चकतीसारखी कप्पी तिच्या निम्म्या वस्तुमानाइतकी भर हलणाऱ्या वस्तुमानात घालते. १५ ग्रॅमच्या प्लास्टिकने ७-८ ग्रॅम वाढतात, ६०० मध्ये एक टक्का. १०० ग्रॅमच्या पितळेने ५० वाढतात, आठ टक्के. प्लास्टिकचीच ठेवा. तिची उंची अशी लावा की दोरा रुळाला समांतर राहील. दोरा तिरका असेल तर गाडी कप्पीजवळ येईल तसा कोन वाढत जातो आणि ओढ कमी होत जाते. संचातला सुती दोरा पीळ सुटून ताणतो, तो काढून बारीक तंगूस लावा.

स्टॉपवॉचबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ६० सेंटिमीटरचं अंतर गाडी १.१ सेकंदात कापते आणि बोटाची चूक सहज ०.२ सेकंदाची होते. त्वरणात वेळेचा वर्ग येत असल्याने चूक दुप्पट होते. टायमर नसेल तर मोबाइलवर सेकंदाला ६० फ्रेमचा व्हिडिओ घ्या. फोन रुळाच्या मध्यासमोर दीड-दोन मीटरवर, काटकोनात, आणि मोजपट्टी रुळाच्या मागे नव्हे तर गाडीच्या बाजूलाच चिकटवलेली.

आता तानकाटे, संचाची कमजोर बाजू. ५०० ग्रॅमची पट्टी टांगली तर ४.९ न्यूटन दिसायला हवं, एकाने ४.७ दाखवलं, दुसरा ५ च्या खुणेच्याही पुढे गेला. वरचा स्क्रू फिरवून शून्य जुळवता येतं, पण स्प्रिंगच मऊ किंवा ताठ असेल तर शून्य जुळवून उपयोग नाही, तेव्हा गुणक (दिसलेल्या आकड्याला कितीने गुणलं की खरं बल मिळतं ते) काढून ठेवावा लागतो. दुसरी अडचण अशी की उभा धरून शून्य केलेला काटा आडवा केला की शून्य सरकतं, कारण उभ्या स्थितीत हुकाचं आणि स्प्रिंगचं वजनही ताण देत असतं. ज्या स्थितीत वापरायचा त्याच स्थितीत शून्य करा. दोन काटे एकमेकांत अडकवून क्रिया-प्रतिक्रिया दाखवताना दोघांचे आकडे वेगळे आले तर मुलं गोंधळतात. आधी एकच वजन दोन्हींना टांगून फरक पाहून घ्या, मग प्रयोगाला बसा.

घर्षणाच्या ठोकळ्याचं वजन २०० ग्रॅमच आहे. सनमायक्यावर तो हलायला ०.८ न्यूटन आणि सरकत राहायला ०.६ लागतं, आणि काट्यावर एक घर ०.१ चं. या दोन आकड्यांतला फरकच मुळी दोन घरांचा, त्यावर काय निष्कर्ष काढणार? ठोकळ्यावर ५०० ग्रॅमची पट्टी ठेवा : सुटताना २.७, सरकताना २.१ च्या आसपास, आता फरक दिसतो. हाताने ओढताना काटा थरथरतो, म्हणून उलटं करा. काटा खुंटीला बांधून स्थिर ठेवा, ठोकळ्याखाली गुळगुळीत पुठ्ठा घाला आणि पुठ्ठाच सावकाश ओढा. ठोकळा जागीच राहतो, काटा शांत राहतो, आणि पुठ्ठा कमी-जास्त वेगाने ओढला तरी आकडा फारसा बदलत नाही हेही सहज दिसतं. ठोकळा अरुंद बाजूवर ठेवूनही तोच आकडा येतो. याचं मुलांना दरवेळी आश्चर्य वाटतं. हात लावलेला पृष्ठभाग घामाने बदलतो, आधी कोरड्या फडक्याने पुसा.

संवेगाचा (वस्तुमान गुणिले वेग) प्रयोग निम्मा चांगला. रूळ पुन्हा पाणसळीने सपाट करा, दोन्ही गाड्या मधोमध लावा, एकीवर ५०० ची पट्टी ठेवून ती १००० ची करा आणि दट्ट्या सोडा. वेग २ : १ असायला हवेत, म्हणून हलक्या गाडीचा अडसर ६० सेंटिमीटरवर आणि जड गाडीचा ३० वर, दोन्ही एकदम आपटल्या तर एकच ठोका ऐकू येतो. इथे उताराने घर्षण फेडता येत नाही, कारण गाड्या विरुद्ध दिशांना जातात. हळू जाणारी जड गाडी घर्षणाने जास्त मागे पडते आणि ठोका फुटतो. अंतरं ४० आणि २० करा, दट्ट्या पूर्ण दाबा, ठोका जुळतो. टक्कर होऊन गाड्या चिकटाव्यात म्हणून लावलेली वेल्क्रोची पट्टी मात्र कामाची नाही, हलक्या टकरीत गाड्या उसळून वेगळ्या होतात. एका गाडीला टाचणी, दुसरीला बुचाचा तुकडा, हे पक्कं धरतं. मग ०.६ मीटर प्रति सेकंदाने आलेली गाडी तितक्याच वस्तुमानाच्या थांबलेल्या गाडीला धडकली की दोघी ०.३ ने पुढे जातात : संवेग तेवढाच, गतिज ऊर्जा ०.०९ ज्यूलवरून ०.०४५ वर, म्हणजे निम्मी.

पावसाळ्यात लोखंडी पट्ट्या आणि चकत्या आठ दिवसांत तांबूस होतात. त्यांना तेलाचा हात फिरवून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि वापरण्याआधी पुसा, तेलाने गाडीची चाकं बरबटली तर पुन्हा धुणं आलं. फीत आणि कार्बनच्या चकत्या घट्ट झाकणाच्या डब्यात. दमट फीत टायमरच्या खाचेत अडकते आणि उताराचा सगळा हिशेब बिघडवते.

घेताना काउंटरवरच खोकं उघडायला लावा. रूळ डोळ्यासमोर धरून कडेने पाहा, बाक असेल तर तिथेच कळतो. तो बदलून घ्या, घरी सरळ होत नाही. आठही चाकं बोटाने फिरवा, एखादं खरखरलं तर ती गाडी नको. ५०० ची पट्टी दोन्ही काट्यांना टांगा आणि ज्या काट्यांत ०.१ पेक्षा जास्त फरक नाही अशी जोडी निवडून घ्या, दुकानदार खोक्यातून खोक्यात काटे बदलून देतात. टायमर तिथेच लावून हातभर फीत ओढून पाहा. पितळेची कप्पी आणि सोनेरी मुठीचं स्टॉपवॉच असलेला महागडा संच पुढे केला तर तेच पैसे वाचवून कार्बनच्या चकत्या आणि फितीची दोन जास्तीची रिळं घ्या.